सीएजी किती वेळा? एका मोजणीची पार्श्वभूमी

जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ मध्ये घराण्यात उतरणारा, हातपाय आपोआप हलत राहण्याचा आजार नोंदवला; तोच आज हंटिंग्टन आजार म्हणून ओळखला जातो. बरोबर शंभर वर्षांनी सुसुमू ओह्नो यांच्यामुळे ‘जंक डीएनए’ (निकामी, अडगळीतला डीएनए) हा शब्द रूढ झाला. डीएनएतली तीच ती अक्षरं (उदा. सी-ए-जी, सी-ए-जी) पुन्हा पुन्हा येणारे पट्टे त्याच अडगळीत गेले. घराण्यात उतरणारे असे काही आजार दर पिढीत लवकर येतात, असं डॉक्टर सांगत होते. १९४८ मध्ये आनुवंशिकीतज्ज्ञ लायनेल पेनरोझ यांनी तो निव्वळ नोंदींचा दोष ठरवला. हा निकाल चुकला होता, पण चाळीसेक वर्षं टिकला.

१९९१ मध्ये फ्रॅजाइल एक्स (बौद्धिक वाढ खुंटवणारा) आणि केनेडी (स्नायू झिजवणारा) या आजारांत पुनरावृत्तीची वाढलेली लांबी सापडली, १९९३ मध्ये हंटिंग्टनमध्ये. हंटिंग्टनच्या जनुकात सीएजी २६ वेळांपर्यंत असेल तर चिंता नाही. २७ ते ३५ असेल तर स्वतःला आजार होत नाही, पण पुढच्या पिढीत, विशेषतः वडिलांकडून, आकडा वाढू शकतो. ३६ ते ३९ मध्ये आजार होईल किंवा होणारही नाही. ४० किंवा त्यापुढे टळत नाही. सोलापुरी चादरीच्या जेकार्ड मागावर नक्षीचा तोच पुठ्ठा चुकून जास्त वेळा ओवला जावा, तसंच हे: डीएनएची नक्कल होताना धागा सरकतो, फुगवटा येतो आणि दुरुस्ती करणारी प्रथिनं तो फुगवटाच कायम करतात.

फ्रीड्रिक अटॅक्सिया या तोल बिघडवणाऱ्या आजाराचं (कारण सापडलं १९९६ मध्ये) गणित वेगळं. तिथे जी-ए-ए या अक्षरांचा पट्टा लांबतो, जनुक गप्प होतं, आणि आजार व्हायला आई-वडील दोघांकडची प्रत बिघडलेली लागते. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या आपल्या भागात वंशावळ विचारताना हे विसरू नये.

या मोजणीसाठी सोलापुरातून नमुना बाहेरगावी पाठवायचा तर रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्ताची गुठळी होऊ न देणारं रसायन) ट्यूबमध्येच घ्यावं. त्याच कामाचं दुसरं रसायन, हेपरिन, पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून मोजण्याची चाचणी) बिघडवतं. एप्रिल-मेच्या उन्हात थंड पाकिटं हवीतच, पण ट्यूब त्यांना चिकटवू नये. थंडीने रक्ताचा बर्फ झाला की तांबड्या पेशी फुटतात.

खरी फसगत पुढे होते. फार लांब प्रत साध्या पीसीआरमध्ये वाढतच नाही. आलेखावर एकच शिखर दिसतं, आई-वडिलांकडच्या दोन्ही प्रती सारख्या वाटतात आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. म्हणून एकच शिखर आलं तर लांब पट्टेही पकडणारा ट्रिप्लेट-प्राइम्ड पीसीआर मागावा. एक्झोमवरही (जनुकांचे प्रथिनं घडवणारे भाग वाचणारी चाचणी) विसंबू नये: त्यातले तुकडे साधारण १५० अक्षरांचे, तर ४० सीएजीच १२० अक्षरं खातात. एएलएस या स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराशी जोडलेल्या सी९ओआरएफ७२ जनुकातली (२०११ मध्ये सापडलेली) सहा अक्षरांची पुनरावृत्ती तर शेकडो-हजारो वेळा येते.

अलीकडे या मोजणीला नवं वळण मिळालं. २०२५ च्या एका अभ्यासात हंटिंग्टनच्या रुग्णांच्या मेंदूतल्या एकेका पेशीत सीएजी मोजलं गेलं. जन्मतः चाळीसच्या घरातला आकडा कित्येक दशकं हळूहळू, मग झपाट्याने वाढतो, आणि पेशीचं काम बिघडताना दिसतं ते १५० च्या पलीकडे. रक्ताच्या तपासणीत, समजा, ४२ आला, तरी तो मेंदूतल्या त्या पेशीतला आकडा नव्हे. ही वाढ घडवणाऱ्या दुरुस्ती-प्रथिनांपैकी एमएसएच३ रोखता येईल का, या दिशेने आता औषधं शोधली जात आहेत.