सायकलवरील वळणसंकेत

आपण कोणत्या बाजूला वळणार हे सायकलस्वाराने रस्त्यावरच्या इतरांना आधीच कळवणे म्हणजे वळणसंकेत. तो हात दाखवून देतात किंवा इंडिकेटर लावून. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार सायकल मोटार वाहनात मोडत नाही, त्यामुळे मोटारसायकलला असते तशी इंडिकेटरची सक्ती तिला नाही. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी विजेची सायकलही याच सवलतीत येते. सक्ती नसली तरी गरज उरतेच, आणि ती किती हे रस्त्याच्या चढउतारावर बरेच अवलंबून असते. सातारा शहर याचे चांगले उदाहरण आहे.

आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून डावीकडे वळणे सोपे. उजवीकडे वळताना मागून येणारी आणि समोरून येणारी अशी दोन्ही वाहतूक ओलांडावी लागते. त्यासाठी उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा, तळवा पुढे. १९८९ च्या रस्ता नियमांत डाव्या वळणासाठी उजवा हात घड्याळाच्या उलट दिशेने फिरवण्याची खूण सांगितली होती, कारण मोटारचालकाला उजवीकडचीच खिडकी हाताशी असते. सायकलवाल्याला दोन्ही बाजू मोकळ्या. त्याने सरळ डावा हात दाखवावा, ते लवकर कळते.

सपाट रस्त्यावर एवढे पुरते. सातारा मात्र अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी उतारावर वसले आहे. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे येताना पायडल मारावे लागत नाही, ब्रेक मात्र सतत धरावे लागतात. अनेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या मुठीला असतो, आणि उतारावर ब्रेक दाबताच वजन पुढच्या चाकावर येत असल्याने खरी पकड त्याच ब्रेकची असते. म्हणजे उजवीकडे वळण्यासाठी उजवा हात सोडला की मुख्य ब्रेकच सुटला. उरतो मागचा, आणि तो जोरात दाबला तर मागचे चाक घसरते. पावसाळ्यात रिम ओली असली तर विचारूच नका.

म्हणून इथे क्रम पाळावा लागतो. वेग आधीच आवरून धरायचा. मान वळवून मागे पाहायचे, दोन-तीन सेकंद हात दाखवायचा, हात हँडलवर परत आणायचा आणि मगच वळणासाठी ब्रेक लावायचा. ताशी २० किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत सायकल सुमारे १७ मीटर पुढे जाते, तेव्हा हात चौकाच्या बऱ्याच अलीकडे दाखवला पाहिजे. यवतेश्वर घाट उतरताना तीव्र वळणात तर हात सोडूच नये. यात सर्वांत मोलाचे काही असेल तर मागे पाहणे. नुसता हात दाखवून वळणाऱ्याने मागच्याला आपल्यासाठी थांबायला भाग पाडलेले असते. मागचा थांबतो आहे का, हे वळणाऱ्याला ठाऊकच नसते.

उतारावर दोन्ही हात हँडलवर राहतात, हा इंडिकेटरचा खरा फायदा आहे. जर्मनीत पूर्वी दुचाकी सायकलींना इंडिकेटर लावण्याची सर्वसाधारण मुभा नव्हती. २०२४ मध्ये ती मिळाली, तीही ऐच्छिक. जुन्या डायनॅमोच्या काळात हे जमणारे नव्हते. चाक थांबले की डायनॅमोचा दिवा विझायचा, म्हणजे वळण्यासाठी थांबलेली सायकल नेमकी तेव्हाच अंधारात. बॅटरी आणि एलईडीमुळे ही अडचण गेली.

दुसरी अडचण मात्र कायम आहे. सीटखाली लावायच्या स्वस्त इंडिकेटरमध्ये डावा आणि उजवा दिवा इतके जवळ असतात की रात्री लांबून दोन्ही एकच वाटतात, आणि काहीतरी लुकलुकते आहे यापलीकडे मागच्याला काही उमगत नाही. मोटारसायकलच्या मागच्या इंडिकेटरमध्ये किमान १८० मिलिमीटर अंतर असावे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, तो याचसाठी. त्यामुळे हँडलच्या दोन्ही टोकांना बसणारे इंडिकेटर केव्हाही बरे. भर उन्हात छोटा एलईडी फिका पडतो. तिथे हातच चांगला दिसतो. वळून झाल्यावर इंडिकेटर बंद करायचा राहिला, तर डावा लावून सरळ जाणारी सायकल मागच्याला चकवते आणि तो नको तिथून पुढे काढू पाहतो.

खरेदीचा क्रम लावायचा तर आधी मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टर, मग पुढचा पांढरा दिवा, आणि त्यानंतर इंडिकेटर. कास पठारावरच्या फुलांच्या हंगामात धुके आणि पावसात घाटरस्त्याने येणाऱ्यांनी, तसेच कामावरून रात्री परतणाऱ्यांनी इंडिकेटर जरूर घ्यावा. रेनकोटच्या गडद बाहीतला हात अंधारात दिसत नाही.

ऊसतोडीच्या हंगामात शेंद्र्याच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरपुढे हात आणि इंडिकेटर दोन्ही अपुरे पडतात. चालकाला सायकल दिसली तरी भरलेल्या ट्रॉल्या चटकन थांबत नाहीत. अशा वेळी डावीकडे कडेला उतरावे, ट्रॉल्या जाऊ द्याव्यात आणि रस्ता मोकळा झाल्यावर सायकल हातात धरून चालत ओलांडावा.