एनए की झोन? सोलापूरच्या जमीनवापर प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

सोलापुरात प्लॉट दाखवायला नेणारा पहिला शब्द उच्चारतो तो 'एनए', म्हणजे बिगरशेती परवानगी. घेणाराही तेवढंच विचारतो. झोन, म्हणजे आराखड्यात त्या जागेला ठरवून दिलेला वापर, आठवतो तो बांधकाम परवान्याची फाइल अडकल्यावर. तलाठी, ग्रामसेवक, कनिष्ठ अभियंता, नगरसेवक यांना जमीनवापराचं प्रशिक्षण द्यायचं तर सुरुवात या दोन शब्दांच्या गुंत्यापासूनच व्हायला हवी. ती सहसा होत नाही.

एनए हा मुळात शेतसाऱ्याचा, म्हणजे जमिनीवरच्या कराचा शब्द. 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्याचं कलम 65 सांगायचं की शेतजमीन दुसऱ्या कामाला लावायची तर कलेक्टरची परवानगी घ्या. वापर बदलला की आकारणीही बदलायची. 1966 च्या महसूल संहितेत तीच तरतूद कलम 44 होऊन आली. शेजारी काय उभं राहणार, रस्ता किती रुंद, शाळेला जागा उरते का, याचा विचार हा त्या कलमाचा गाभा नव्हता. झोनचं कूळ वेगळं. 1915 चा नगररचना कायदा तुकड्यातुकड्याच्या योजनांपुरता होता, 1954 च्या कायद्याने विकास आराखडा आणला आणि 1966 च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याने प्रादेशिक योजनेपासून सार्वजनिक कामांच्या जागांच्या आरक्षणापर्यंत सगळं एकत्र बांधलं. वर्ष एकच, कायदे दोन, खातीही दोन. तलाठ्याने (हल्ली ग्राम महसूल अधिकारी) दुय्यम सेवा परीक्षा द्यायची, फेरफार आणि पीकपाहणी शिकायची. नकाशातले पिवळे-हिरवे (निवासी-शेती) पट्टे वाचायचे ते नगररचनेच्या रचना सहायकाने. दोघं एका वर्गात बसण्याची वेळ क्वचितच.

मग 1992 ची हद्दवाढ. सुमारे 33 चौरस किलोमीटरचं शहर 178 चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं. बाळे, केगाव, शेळगी, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे ही गावं आत आली. तीस वर्षं उलटली तरी त्यांना 'हद्दवाढ भाग'च म्हणतात, यातच बरंच आलं. त्याच वर्षाच्या अखेरीस 74 वी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि बाराव्या अनुसूचीत नगर नियोजन व जमीनवापराचं नियमन नगरपालिकांच्या विषयांत बसलं. नकाशा पाचपट झाला, जबाबदारीही कागदावर आली. माणसं मात्र ग्रामपंचायतीचा दाखला आणि कलेक्टरचा एनए या सवयीचीच.

या भागातला एखादा सातबारा डोळ्यांसमोर आणा. एकाच गटावर बारा नावं, प्रत्येकापुढे दीड-दोन गुंठे. काहींची नावं चढलेलीच नाहीत, कारण फार लहान तुकड्यांची विक्री रोखणाऱ्या 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे खरेदीखत अडलं आणि व्यवहार शंभराच्या स्टँपवर नोटरी करून उरकला. मधला रस्ता पूर्वीच्या गाडीवाटेएवढा. नकाशात पट्टा हिरवा, जागेवर पत्र्याची घरं. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने 1 जानेवारी 2001 पर्यंतची अशी बांधकामं नियमित करायची वाट काढली. 2021 मध्ये ती तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत सरकवली. गरिबाला आधार की प्लॉट पाडणाऱ्यांना बक्षीस, हा वाद मिटलेला नाही. माझ्या मते बक्षीसच जास्त, कारण तारीख एकदा सरकली की पुन्हा सरकेल हे धंदेवाल्यांना पक्कं कळतं. आणि कर्मचारी नियोजन शिकण्याआधी नियमितीकरण शिकले.

महसूल संहितेत 2017 साली 42ब आणि 42ड ही कलमं आली. मंजूर विकास आराखड्यातल्या आणि गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनींना आराखड्यातल्या वापरासाठी, रूपांतर कर वगैरे भरल्यावर, वेगळी बिगरशेती परवानगी लागेनाशी झाली. इथे एनए झोनच्या मागे चालू लागला. पण 'मानीव अकृषिक' (आपोआप बिगरशेती धरलेली जमीन) म्हणजे बांधकामालाच मोकळीक, असा अर्थ गावोगाव पोचला. रेखांकन (लेआउट) आणि बांधकाम परवाना सुटत नाही, हे सांगायचं राहिलं. डिसेंबर 2020 मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि प्रशिक्षण वर्गांचा भर रस्त्याची रुंदी, एफएसआयचे (प्लॉटवर किती बांधता येतं त्या प्रमाणाचे) तक्ते आणि ऑनलाइन प्रणालीकडे वळला. सोलापूरच्या पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर बिऱ्हाड असलेलं घर कोणत्या रंगात बसवायचं, हे तक्त्यावरून ठरत नाही.

2022 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकच होते. आराखड्यात फेरबदल करण्याच्या कलम 37 च्या प्रस्तावांवर त्या काळात चर्चा करायला नगरसेवकच नव्हते, मग त्यांच्या प्रशिक्षणाचं कोण बोलणार.