अन्नसुरक्षेसाठी जनवकिली (ठाणे जिल्हा)

उपासमार व कुपोषण संपवण्यासाठी शासनाच्या धोरणात, नियमांत आणि अंमलबजावणीत बदल व्हावा म्हणून संघटितपणे केलेला पाठपुरावा. 2001 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या अन्न अधिकार याचिकेनंतर देशभर त्याला जोर आला. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, 2013 हा आता त्याचा मुख्य आधार आहे. या कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा 5 किलो, तर अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला सरसकट 35 किलो धान्य मिळते; जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. आठ माणसांच्या अंत्योदय घराला मात्र प्राधान्य कुटुंबापेक्षा 5 किलो कमी पडतात, ही कायद्यातलीच गोम आहे.

रेशनच्या बाबतीत ठाणे, नवी मुंबईसारख्या शहरी भागाचा कारभार शिधावाटप नियंत्रकाकडे, तर शहापूर, मुरबाडसारख्या ग्रामीण भागाचा जिल्हा पुरवठा अधिकारी व तहसीलदारांकडे असतो. नवी मुंबईतल्या दिघ्याचा अर्ज जिल्हा पुरवठा कार्यालयात टाकला, तर तो नुसता फिरत राहतो.

पाठपुराव्यात पहिले काम म्हणजे अडचण नेमकी कुठली ते ओळखणे. माप कमी मिळणे, पावती न देणे, ई-पॉसवर, म्हणजे दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनवर, ठसा न लागणे या गोष्टी दुकानावरच्या. त्यासाठी वस्तीत घरोघर फिरून शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक, युनिट (कार्डावरची माणसे), देय किलो आणि हातात आलेले किलो असा तक्ता करतात आणि तो ऑनलाइन नोंदींशी पडताळतात. मशीनवर 25 किलो आणि पिशवीत 20 असतील, तर तेवढा एक कागद पुरतो. बांधकाम मजूर व धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, म्हणून आधार ओटीपी किंवा डोळ्यांच्या स्कॅनचा पर्याय मागावा लागतो. दुसरी अडचण, नाव न चढणे, कार्ड ऑनलाइन नसणे, ही कार्यालयाची बाब. तिथे तोंडी तक्रार निरुपयोगी, पोच घ्यावीच. पुढे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, त्यावर राज्य अन्न आयोगाकडे अपील. धान्यच मिळाले नाही, तर कलम 8 प्रमाणे अन्नसुरक्षा भत्ता मागता येतो. ही मागणी फारसे कोणी करत नाही.

तिसरी अडचण इष्टांकाची, म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचे त्या ठरवून दिलेल्या आकड्याची, आणि खरी जनवकिली इथेच लागते. राज्यात नागरी लोकसंख्येच्या 45.34 टक्के, ग्रामीण 76.32 टक्के एवढीच मर्यादा आहे, तीही 2011 च्या जनगणनेवर बेतलेली. मुंब्रा, दिघा, तुर्भे इथल्या वस्त्या वाढत गेल्या, इष्टांक तिथेच राहिला. शिवाय शहरी प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000 रुपये, म्हणजे महिना पाच हजारही नाही. खरे उत्पन्न लिहिणाऱ्या नाका कामगाराच्या हाती धान्याविना केशरी कार्ड उरते. हे कोणत्याही शिधावाटप अधिकाऱ्याच्या हातात नसते, त्यामुळे त्याच्या दारात मोर्चा नेऊन काही निघत नाही. मागणी मंत्रालयात, आमदार-खासदारांकडे आणि न्यायालयात न्यावी लागते.

दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांचा प्रश्न आणखी वेगळा. कार्ड कुठल्याही दुकानात चालते, हा नियम आहे. पण दुकानदार 'तुमचा माल इथे येत नाही' म्हणून परत पाठवतो. अंगणवाडीचा आहारही मागे राहतो. दंडघेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेलेले, म्हणजे तीव्र कुपोषित बालक या काळात यादीतून निसटते. म्हणून गाव सोडण्याआधीच अंगणवाडी सेविकेने स्थलांतराची नोंद करून ती भट्टीजवळच्या अंगणवाडीला कळवावी, आणि हंगामात तिथल्या दुकानाला वाढीव नियतन (धान्याचा कोटा) मिळावे, अशी मागणी केली जाते.