चोथा म्हणजे कीस नव्हे

गाजर ज्यूसरमध्ये, रस ग्लासात, चोथा पिंजऱ्यात. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "गाजरच आहे ना, किसलेलं काय नि पिळलेलं काय!" बजी (बाजारात ज्याला सर्रास लव्हबर्ड म्हणून खपवतात तो) आणि कॉकाटील (तुऱ्याचा छोटा पोपट) पाळणाऱ्या कित्येक घरांत हा घोळ चालतो.

कीस सगळ्यांना ठाऊक आहे. गाजर, लाल भोपळा, दुधी किसणीवरून उतरवला आणि वाटीत टाकला. अख्खी भाजी, फक्त बारीक. दुधी तेवढा आधी चाखावा. कडू निघाला तर सगळा फेकावा.

चोथा म्हणजे भाजी वजा रस, आणि लोक चुकतात ते या वजाबाकीत. काहींच्या मते जीवनसत्त्वं सगळी रसात गेली, उरला तो भुसा. काहींच्या मते तंतू चांगलेच, पोट साफ राहतं. दोघेही माणसाच्या पोटाचा हिशेब पक्ष्याला लावतात.

रसाबरोबर मुख्यतः पाणी, साखर, क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम निघून जातं. पोपटवर्गातले पक्षी क जीवनसत्त्व शरीरातच तयार करतात, तेव्हा त्याची हळहळ नको. नुसत्या राळ्या-बाजरीवर वाढलेल्या पक्ष्याला कमी पडतं ते अ जीवनसत्त्व. ते ज्यापासून बनतं ते कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही. त्याचा काही भाग रसात जातो, पण बराचसा चोथ्यालाच धरून राहतो. गाजराचा चोथा केशरी दिसतो तो त्यामुळेच. काकडीचा किंवा सफरचंदाचा फिकट चोथा मात्र खुशाल कुंडीत घालावा, पक्ष्याला त्यातून फारसं काही मिळत नाही.

आता तंतू. कोंबडीच्या आतड्याला दोन आंधळ्या पिशव्या असतात, तिथे तंतू थोडेफार आंबून कामी येतात. पोपटवर्गात ही सोय जवळजवळ नाहीच. बजीचं वजन 30 ते 40 ग्रॅम, दिवसाचं खाणं जेमतेम दीड-दोन चहाचे चमचे. गाजरात सुमारे 88 टक्के पाणी असतं, म्हणून चमचाभर कीस खाल्ला तरी दाण्यांना जागा उरते. चोथ्याच्या चमच्यात पाणी कमी, तंतू दाबून भरलेले. अन्नाची पिशवी (गळ्याखाली खाल्लेलं साठतं ती) टम्म होते, पक्षी तृप्त दिसतो आणि रोज असंच चाललं तर वजन घटून छातीचं हाड हाताला लागू लागतं. कोल्डप्रेस ज्यूसरचा चोथा तर इतका कोरडा निघतो की तो चोचीला चिकटतो आणि पक्षी मान झटकून भिंतीवर उडवतो.

म्हणून रोज द्यायचा तो कीस. चोथा आठवड्यातून दोन-तीनदा: बजीला अर्धा चमचा, कॉकाटीलला एक, तोही एकटा कधीच नाही. मोड आलेले मूग किंवा भिजवलेलं राळं घेऊन त्यात एक चतुर्थांश चोथा कालवावा, कोरडा वाटला तर पाण्याचा हबका द्यावा. इथे मात्र चोथा किसावर मात करतो: दाण्याला असा चिकटतो की भाजी बघून तोंड फिरवणाऱ्या हट्टी पक्ष्यालाही तो वेगळा निवडता येत नाही. भाजीची सवय लावायला यासारखं दुसरं काही नाही.

दुसरी गोष्ट, चोथ्यात काय गेलं ते दिसत नाही. सफरचंदाची अख्खी बी दिसते, म्हणून काढून टाकता येते. ज्यूसरमध्ये ती चिरडली की तिच्यातलं रसायन आणि विकर एकत्र येऊन सायनाइड सुटतं. त्यामुळे बिया आधीच काढायच्या. मीठ, साखर, चाट मसाला हे रसात वरून घालावं, ज्यूसरच्या भांड्यात नाही. सरळ उपाय म्हणजे गाजर सगळ्यात आधी पिळायचं, त्याचा चोथा बाजूला काढायचा आणि मग आपलं लिंबू-आलं. ज्यूस सेंटरवरचा चोथा फुकट मिळतो, पण आणू नये.

टिकाऊपणाचं थोडक्यात: बारीक झाल्यामुळे दोन्ही लवकर आंबतात, चोथा थोडा आधी. पिंजऱ्यात दोन तास, एप्रिल-मेच्या उकाड्यात एकच. आंबलेल्या चोथ्याने अन्नाच्या पिशवीत बुरशी धरू शकते. उरलेला ताजा चोथा बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा-चमचा गोठवावा, महिनाभरात संपवावा आणि पूर्ण वितळल्यावरच द्यावा.

बीटचा चोथा दिला तर दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याच्या तळाच्या कागदावर विष्ठेचे लाल डाग दिसतील. तो रंग बीटचा. पण बीट बंद करून एक दिवस उलटला तरी लाली राहिली, तर ते रक्त असू शकतं; पक्ष्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं आणि जाताना तो कागदही सोबत घ्यावा.