फळी कधी काढायची? गोव्यातली तळी, वायंगण आणि थंडीतली बदकं

थंडी पडली की गोव्यातल्या तळ्यांवर कॅमेरेवाले जमतात आणि एक वाद हमखास निघतो, पाणी सोडलं कोणी? पक्षीवाले म्हणतात पाणी उतरलं म्हणून बदकं उडून गेली, खालच्या बाजूचा शेतकरी म्हणतो मग माझ्या वायंगणाला (थंडीतल्या भाताला) पाणी काय तू देणार? दोघांचंही खरं आहे, पण हा वाद समजायला जरा मागे जावं लागतं.

मुळात करमळी, कुडतरी, सांताक्रूझ इकडची ही तळी निसर्गाने आयती दिलेली नाहीत, लोकांनी बांध घालून पाणी अडवलंय. खाजनाचंही तेच, खाडीच्या कडेची खारी जमीन बांध घालून शेतीखाली आणली, आणि बांधात ठेवली मानस, म्हणजे लाकडी दारं. भरती आली की पाण्याच्या जोरानेच दार बंद होतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलून उघडतं, ना मोटर ना वीज. तळ्याच्या मानशीला मात्र फळ्या असतात, एकेक काढत गेलं की पाणी तेवढं तेवढं उतरतं. ती फळी कधी काढायची हे गावकारी, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणारी संस्था, ठरवायची. पोर्तुगीज 1510 मध्ये आले तेव्हा ही पद्धत चालूच होती, 1526 च्या फोरालात (सनदेत) त्यांनी गावकाऱ्यांचे रीतिरिवाज कागदावर आणले, पुढे गावकारीलाच कोमुनिदाद म्हणायला लागले. बांधाची दुरुस्ती, पाण्याची वाटणी, मानशीतल्या मासळीची पावणी (लिलाव), सगळा हिशोब एकाच ठिकाणी.

वर्षाचं गणित साधारण असं. पावसात तळं भरायचं (आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, त्यामुळे भरायची चिंता नाही, चिंता पुढचे आठ महिने पुरवायची), सोरोदाचं, म्हणजे पावसाळी, भात कापून झालं की त्याच पाण्यावर खाली वायंगण लावायचं आणि ते पिकेपर्यंत पाणी थोडं थोडं सोडत राहायचं. उन्हाळ्यात तळाला चिखल उरला की मासे पकडायचे, गाळ काढून शेतात टाकायचा. तळ एकदा सुकला की पाणवनस्पती कुजतात, माती मोकळी होते. पक्ष्यांसाठी म्हणून हे कोणी करत नव्हतं, पण त्यांना नेमकं तेच हवं असतं.

कारण बदकाला खोल पाणी नको असतं. तलवार बदक, थापट्या, भुवई बदक ही उत्तरेतून हजारो किलोमीटर उडून येणारी मंडळी बुडी मारून खात नाहीत, तलवार बदक तर शेपटी वर आणि डोकं खाली करून तळातलं बी शोधतं, म्हणजे वीत-दीड वीत पाणी बरं. खोल पाण्यात चांदवा आणि पाणकावळे खूश, कमळाच्या पानांवर कमळपक्षी, काठच्या चिखलात तुतवार. पाणी हळूहळू उतरत गेलं की आठवड्या-आठवड्याला नवीन काठ उघडा पडतो आणि नवीन खाणं मिळतं. एकदम सोडलं तर सगळं चार दिवसांत संपतं, आणि काठोकाठ अडवून ठेवलं तरी बदकांना तळ मिळत नाही, वर काठाच्या शेतात दलदल होते ती वेगळीच. म्हणून 'पाणी अजिबात सोडू नका' ही मागणी मला तरी अर्धवट वाटते.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते फळीचा मालक बदलला तिथे. 1964 चा कूळ कायदा आणि मग 1976 ची पाचवी दुरुस्ती, कसणाऱ्याला जमीन मिळाली, ते व्हायलाच हवं होतं, पण बांध-मानस कूळ संघटनांकडे गेली आणि कोमुनिदादीचं लक्ष उडालं. मासळीची पावणी शेतीपेक्षा जास्त पैसे द्यायला लागली, तसं भरतीला दार मुद्दाम उघडं ठेवायचे प्रकार सुरू झाले, खारं पाणी आत शिरलं आणि बरीच खाजनं पडीक गेली. नव्वदीत कोकण रेल्वे आली, मार्गावरून गोव्यात मोठं आंदोलन झालं, तरी रूळ करमळी तळ्याच्या कडेनेच गेले.

कायद्याची गंमत तर वेगळीच. पाणथळ जागा जपण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय रामसार करार 1971 चा, भारत त्यात 1982 पासून, आणि 2008 मध्ये याच रामसारवाल्यांनी भातशेती ही पाणथळ जागा म्हणून महत्त्वाची आहे असा ठराव केला. आपल्या 2017 च्या पाणथळ नियमांनी मात्र भातशेती आणि सिंचनासाठी बांधलेली तळी व्याख्येतूनच वगळली! गोव्यातली तळी बहुतेक सिंचनासाठीच बांधलेली, म्हणजे नियमाच्या शब्दावर बोट ठेवलं तर हातात फार थोडं उरतं.

2022 मध्ये कुडचडेचं नंदा तळं गोव्यातली पहिली रामसार जागा झालं. फक्त 42 हेक्टर, जुवारीच्या एका उपनदीच्या कडेला, मध्ये बांध आणि मानस, आणि साठवलेल्या पाण्यावर खालच्या बाजूला भात. म्हणजे जागतिक यादीत गेलं ते अस्पर्श जंगल नाही, माणसाच्या हातातलं तळंच गेलं. रामसारमध्ये शेती-मासेमारी बंद करा असं नाही, जपून वापरा असं आहे. आता तिथे पक्षी मोजणाऱ्यांनी आणि वायंगणवाल्यांनी एकत्र बसून पहिली फळी कुठल्या आठवड्यात काढायची आणि दुसरी किती दिवसांनी, एवढं ठरवलं तरी पुष्कळ झालं, आणि त्यासाठी मानशीपाशी एक साधी रंगवलेली मोजपट्टी उभी केली तरी चालेल.