हात तोडला की चोरी थांबते?

लोकलमध्ये मोबाइल चोरीला गेला, की डब्यातला कोणीतरी हमखास म्हणतो, ‘सौदीसारखे हात तोडा, एकही चोर उरणार नाही.’ गंमत अशी, की फलाटावर हातातला मोबाइल उघडपणे हिसकावून पळणाऱ्याला इस्लामी फिक्हच्या, म्हणजे धर्माधारित कायदेशास्त्राच्या, प्रमुख परंपरांनुसार ही शिक्षा लागूच होत नाही.

कुराणातील सूरा अल-माइदाच्या 38व्या आयतीत हात तोडण्याची शिक्षा आहे, हे खरे. पुढच्याच आयतीत पश्चात्तापाचा उल्लेख आहे. मात्र फकीहांनी, म्हणजे या कायद्याच्या पंडितांनी, हात तोडण्याच्या शिक्षेला कडक अटी घातल्या: वस्तू सुरक्षित जागेतून गुपचूप नेलेली हवी, तिची किंमत ठरावीक मर्यादेइतकी (हनफी या सुन्नी कायदेपरंपरेच्या मतानुसार 10 दिरहम, म्हणजे चांदीची नाणी) हवी, आणि शंकेला जागा उरली तर ही शिक्षा टळते, जरी न्यायाधीश सौम्य शिक्षा देऊ शकत असला तरी. दुष्काळाच्या वर्षी खलिफा उमर यांनी ती स्थगित ठेवल्याचे परंपरा सांगते.

पाकिस्तानने 1979 मध्ये ही शिक्षा कायद्यात आणली. न्यायालयांनी ती सुनावलीही, पण प्रत्यक्षात कोणाचा हात तोडला गेला नाही आणि तिथल्या चोऱ्याही संपल्या नाहीत. सौदीतही चोऱ्या होतात. तिथे गुन्हे कमी दिसत असतील, तर त्याचे श्रेय एकट्या या शिक्षेला देण्यापूर्वी सुबत्ता, कडक पोलिसी पहारा आणि गुन्हा नोंदवण्याची पद्धत यांचा हिशेब करावा लागेल. गुन्हेशास्त्रातील अभ्यासांचा कलही शिक्षेच्या कठोरतेपेक्षा पकडले जाण्याच्या खात्रीकडे झुकतो.