रब्बी ज्वारीची ओल : मांजरी ते सोलापूर

सोलापूर-मंगळवेढ्याच्या भारी काळ्या रानात 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान ज्वारी पेरतात, तेव्हा पाऊस सरत आलेला असतो. पुढे काढणीपर्यंत पीक जगतं ते जमिनीत मुरलेल्या ओलीवर. ही ओल किती दिवस पुरेल, हे ऊन, वारा आणि जमीन किती तापते यावर ठरतं.

कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर प्रयोग पुण्याजवळ मांजरीला 1923 मध्ये व्ही. ए. ताम्हणे यांनी सुरू केले. दहा वर्षांनी सोलापूर आणि विजापूरला संशोधन केंद्रं आली. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, कमी बियाणं, दोन ओळींत जास्त अंतर आणि कोळपण्या (उभ्या पिकाच्या ओळींमधली वरची माती हलवणं), ही ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ त्याच कामातून घडली. ओल साठवायची कशी, हे त्यात नीट होतं. ओल उडते कशी, याचा उलगडा व्हायला मातीचं तापमान मोजावं लागलं.

ते काम पुण्यात झालं. 1932 मध्ये हवामान खात्याची कृषी हवामान शाखा तिथे निघाली आणि एल. ए. रामदास तिचे प्रमुख झाले. काळ्या मातीवर खडूच्या पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरून त्यांनी मोजमापं घेतली. ऊन परतलं, खालची माती थंड राहिली. आजही कृषी वेधशाळेत 5, 10 आणि 20 सेंमी खोलीवर वाकड्या नळीचे थर्मामीटर पुरलेले दिसतात. दिवसरात्रीचा चढउतार त्याच थरांत जाणवतो. 30 सेंमीच्या खाली तो जवळजवळ विरतो.

ओली माती सावकाश तापते. पाण्याला तापायला जास्त उष्णता लागते, शिवाय बरीचशी उष्णता वाफ होण्यातच खर्च होते. वरचा थर सुकला की मातीच्या कणांमध्ये हवा भरते, उष्णता खाली उतरत नाही आणि वरची दोन बोटं माती भाजून निघते. हलक्या जमिनीत असा सुका थर खालच्या ओलीला झाकणासारखा उपयोगी पडतो. काळ्या रानाचं तसं नाही. ते सुकताना आकसतं, भेगा पडतात आणि त्यांतून वारं थेट मुळांपर्यंत पोचतं. आमच्या मते काळ्या रानातलं सर्वांत मोठं नुकसान हेच.

कोळपणीचं वेळापत्रक म्हणूनच भेगांशी बांधलेलं आहे. कोळपं म्हणजे कोळपणीचं अवजार, पास म्हणजे त्याचं लोखंडी पातं. तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं (पात्यात मधे फट असलेलं), पाचव्यात अखंड पासेचं, आठव्यात दातेरी. शेवटची कोळपणी भेगा बुजवण्यासाठी असते. तोवर रान इतकं आवळलेलं असतं की पास आत शिरत नाही, दाते शिरतात. ती आठवडाभर लांबली तर भेगा रुंद होतात आणि वरची माती त्या भरायला पुरत नाही. हेक्टरी 5 टन भुसकट किंवा धसकटांचं आच्छादन टाकलं तर माती कमी तापते आणि वाराही अडतो, पण ते ओल असतानाच टाकायला हवं. सुकलेल्या रानावर अंथरून गेलेली ओल परत येत नाही.

मशागतही वाफशावरच हवी, म्हणजे माती फार ओली नाही आणि फार सुकीही नाही अशा वेळी. ओल जास्त असताना कुळव (माती भुसभुशीत करायचं अवजार) घातला तर ढेकळं निघतात, ती उन्हात दगडासारखी होतात, आणि पेरलेलं बी त्यांच्यामधल्या पोकळीत कोरडं पडून राहतं.